रक्तातलं की पाण्यातलं? आनुवंशिक आजार आणि आकड्यांची साक्ष



आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं जनुकांच्या आकडेमोडीत कशाला शिरावं? पण आजचा मूळ प्रश्न आमच्याच घरचा आहे. 'अमुक गोष्ट तमुक गोष्टीमुळे झाली' असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो? न्यायदर्शनानं हा प्रश्न विचारला, युरोपात ह्यूमनं विचारला, आणि आरोग्याचं संख्याशास्त्र तोच प्रश्न आकड्यांच्या भाषेत विचारतं. तेव्हा आज आपण सूत्रं पाठ करणार नाही. सूत्रांमागचा विचार कसा चालतो, तेवढं पाहू.

उदाहरण दारातलंच घेऊ. आपला भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खोदा, बोअर मारा, खारंच लागतं. या पट्ट्यातल्या गावांमधून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. अशा गावात पारावर बसलं की दोन मतं कानावर पडतात. एक म्हणतो, "पानीच खराब हाये आमचं." दुसरा म्हणतो, "नाही बाप्पा, त्याईच्या घरान्यातच हाये ते. बाप गेला, काका गेला, आता पोरगा डायलिसिसवर."

ही दोन वाक्यं साधी वाटतात, पण त्यांच्यावर फार काही अवलंबून आहे. दोष पाण्याचा असेल, तर गोड्या पाण्याची पाइपलाइन मागायची, आणि ती देणं शासनाचं काम ठरतं. दोष घराण्याचा असेल, तर शासन मोकळं आणि त्या घरातल्या मुलींची लग्नं अडलेली. आजार तोच, पण कारण कुठं ठेवलं यावर जबाबदारी कोणाची ते ठरतं.

घराणं एक, विहीरही एक

'घराण्यात चालतं' एवढ्यावरून 'रक्तात आहे' असं सिद्ध होत नाही. आडनाव पिढ्यान्‌पिढ्या चालतं, चतुर्थीचा उपास चालतो, सावकाराचं कर्जसुद्धा चालतं. त्यांची काही जनुकं नसतात. एका घरातली माणसं जनुकं वाटून घेतात, तसंच विहीर, चूल, शेतातलं ऊन आणि दुखण्यावर घ्यायच्या गोळ्याही वाटून घेतात. मूत्रपिंडाला मधुमेह आणि उच्च रक्तदाब मारतो, अतिरेकी वेदनाशामक गोळ्याही मारतात. मग आजार यातल्या कोणाच्या मागून आला?

आमच्या नैयायिकांनी याला नेमका शब्द दिला आहे: उपाधी. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे खरं. उलट करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं तर चालेल का? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी. धूर असेल तिथे ते असतंच, पण अग्नी असेल तिथे ते असेलच असं नाही. आपल्याला दिसतं अग्नी आणि धूर एकत्र, आणि मधली अट नजरेतून सुटते.

आनुवंशिकीच्या संख्याशास्त्रातल्या पद्धतींची नावं लांबलचक आहेत, पण त्यांतल्या बहुतेक पद्धती एकच काम करतात: जनुक आणि आजार यांच्या मध्ये लपलेली उपाधी शोधणं. एवढी किल्ली हातात ठेवली की पुढचं सगळं समजतं.

लेकी आणि सुना

उपाधी वेगळी काढायची तर एकत्र असलेल्या दोन गोष्टी कुठे तरी फुटलेल्या सापडायला हव्यात. जगभर यासाठी जुळ्यांचा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी, साध्या जुळ्यांची सरासरीनं निम्मी सारखी, आणि घर मात्र दोघांचंही एकच. दत्तक मुलांचा अभ्यासही असाच: जनुकं एका घरची, ताट दुसऱ्या घरचं.

आपल्या खेड्यात मात्र जुळ्यांच्या शोधात जायची गरज नाही. आपल्या लग्नपद्धतीतच ही फोड झालेली आहे. लेक घराण्याची जनुकं घेऊन दुसऱ्या गावच्या पाण्यावर जाते. सून दुसऱ्या घराण्याची जनुकं घेऊन आपल्या पाण्यावर येते. आता मोजा. आजार पाण्याचा असेल, तर वीस-पंचवीस वर्षं इथलं पाणी प्यायलेल्या सुनांमध्ये तो दिसायला हवा, आणि गोड्या पाण्याच्या मुलखात दिलेल्या लेकींमध्ये कमी. रक्ताचा असेल, तर उलट.

पण थांबा. सून आली कुठून? शेजारच्याच खारपाणातल्या गावातून आली असेल, तर पाणी बदललंच नाही. ती सासूच्या भावाची मुलगी असेल, आणि आपल्याकडे काही समाजांत मामाची मुलगी करतात, तर रक्तही पूर्ण बदललं नाही. लेक सासरी गेली, पण तिनं पहिली अठरा-वीस वर्षं इथलंच पाणी प्यायलं आहे. दोघींची वयं सारखी हवीत. शिवाय नुसते रुग्ण मोजून भागत नाही, ज्यांना काही झालं नाही तेही मोजावे लागतात. आणि 'तब्येत कशी आहे' असं विचारून भागत नाही. सगळ्यांचं रक्त तपासून क्रिएटिनिन मोजावं लागतं, कारण मूत्रपिंडाचा आजार बराच काळ गप्प असतो.

संख्याशास्त्र म्हणजे एवढंच. सोयीचा आकडा हाती आला की स्वतःलाच उलटतपासणीला उभं करायचं.

'चारात एक' म्हणजे काय?

आता ज्या आजाराचं जनुक निःसंशय ठाऊक आहे, तो घेऊ. विदर्भाला तो फार जवळचा आहे: सिकलसेल. १९१० साली शिकागोत हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. १९४९ साली पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आपल्याकडे १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये छापला. तेव्हापासून विदर्भ या नकाशावर आहे.

आशाताई ज्याला 'एएस' म्हणतात तो वाहक. त्याच्याकडे एक जनुक चांगलं, एक सिकलचं. त्याला सहसा काही त्रास नसतो. 'एसएस' म्हणजे दोन्ही सिकलची, तो रुग्ण. दोघं वाहक नवरा-बायको असतील, तर प्रत्येक अपत्य एसएस असण्याची शक्यता चारात एक.

या 'चारात एक'चा अर्थ लावताना घरं फसतात. पहिलं मूल आजारी निघालं की म्हणतात, "आता पुढची तिघं चांगली निघतील, आपला वाटा संपला." नाही हो. प्रत्येक गरोदरपणात चिठ्ठी नव्यानं टाकली जाते. आधीच्या चिठ्ठीची तिला आठवण नसते. असं बघा: दोघं वाहक आणि चार मुलं असतील, तर एकही मूल आजारी नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाला चारदा गुणून येते, म्हणजे सुमारे ३२ टक्के. अशी घरं म्हणतात, "आमच्यात नाही तो आजार." दुसऱ्या घरी दोन मुलं आणि दोन्ही आजारी, त्याची शक्यता सोळात एक. तिथे बोट सुनेकडे वळतं. गणित मात्र दोन्ही घरांचं सारखंच आहे. एसएस मुलाला एक सिकल जनुक आईकडून येतं आणि एक वडिलांकडून. दोष एकाच बाजूला टाकणं या आजारात गणितानंच अशक्य आहे.

जात नावाची उपाधी

आता घरावरून तालुक्यावर येऊ. १९०८ साली दोघांनी स्वतंत्रपणे एक साधा हिशेब मांडला. एक हार्डी, रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे तेच गणिती, आणि दुसरे जर्मन डॉक्टर वाइनबर्ग. समाजात शंभरातली दहा जनुकं सिकलची असतील आणि लग्नं सरमिसळ होत असतील, तर एसएस निघतील शंभरात एक, वाहक अठरा, आणि बाकीचे एक्क्याऐंशी निर्दोष.

पण 'लग्नं सरमिसळ होत असतील' ही अट आपल्याकडे कुठे पूर्ण होते? समजा, एका तालुक्यात दोन समाज आहेत, निम्मे-निम्मे. एकात शंभरातली वीस जनुकं सिकलची, दुसऱ्यात शून्य. तालुक्याची सरासरी तीच, दहा. पण लग्नं आपापल्या जातीत होतात, म्हणून पहिल्या समाजात रुग्ण शंभरात चार, दुसऱ्यात शून्य, आणि तालुक्याचे मिळून शंभरात दोन. सरासरीवरून अपेक्षा होती एकाची. जनुकं तेवढीच, रुग्ण दुप्पट. हा वरचा एक जनुकानं आणला नाही, लग्नाच्या रीतीनं आणला.

विदर्भात अनुसूचित जाती, आदिवासी आणि इतर मागासवर्गातल्या काही समाजांत हे जनुक जास्त आढळतं. त्यावरून कोणी 'त्यांचा आजार' म्हणू लागला, तर त्याला ॲलिसन यांचं १९५४ सालचं काम सांगा. सिकलचं एक जनुक असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे ज्यांच्याकडे हे जनुक होतं ती मुलं जास्त जगली. म्हणजे ती मलेरियाशी झालेल्या लढाईची खूण आहे. जातीच्या उच्च-नीचतेचा तिच्याशी काही संबंध नाही.

जातीच्या या उपाधीमुळे मोठमोठे अभ्यासही फसू शकतात. समजा, कुणी कुपोषणाचं जनुक शोधायला निघाला. कुपोषित मुलं घेतली मेळघाटातली, सुदृढ मुलं घेतली अमरावती शहरातली, आणि दोघांची जनुकं संगणकात घातली. कोरकू समाजात जे जे जनुकीय फरक अधिक आढळतात, ते सगळे 'कुपोषणाची जनुकं' म्हणून वर येतील! खरं कारण रोजगारात, रेशनमध्ये, दवाखान्याच्या अंतरात असू शकतं, आणि ठपका बसेल रक्तावर. म्हणून तुलना एकाच समाजात करतात, शक्य तर सख्ख्या भावंडांत करतात, किंवा लाखो जनुकीय खुणांवरून कोण कोणाच्या किती जवळचा हे आधी मोजून तेवढा फरक हिशेबातून वजा करतात.

दुसरी फसगत संख्येची. आज एका वेळी लाखो खुणा तपासतात. दहा लाख खुणा तपासल्या आणि 'शंभरात पाच' एवढी चूक चालवून घेतली, तर निव्वळ योगायोगानं पन्नास हजार खुणा 'सापडतील'. म्हणून अशा अभ्यासांत उंबरठा फार उंच ठेवतात: योगायोगाची शक्यता दहा कोटींत पाचपेक्षा कमी हवी. वर्तमानपत्रात 'अमुक आजाराचं जनुक सापडलं' असं वाचलं की तीन प्रश्न विचारायची सवय लावा. किती खुणा तपासल्या? तुलना कोणाशी केली? दुसऱ्या लोकांत तेच पुन्हा दिसलं का?

जन्माची सोडत

कधी कधी मात्र जनुकच आपल्याला उपाधीतून बाहेर काढतं. याचं सुंदर उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास चालवला. त्या मातांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ वाढतो. आणि ज्या मातांत तो जास्त, त्यांच्या बाळांचं वजन कमी, असं दिसत होतं.

पण ही माता गरीबही असेल, शेतात राबतही असेल, ताटात दूधही नसेल. मग वजन कशामुळे घटलं? मातांना मुद्दाम उपाशी ठेवून प्रयोग करता येत नाही. इथे एक युक्ती कामी येते. काही जणींना जन्मतःच असं जनुक मिळतं की होमोसिस्टीन थोडं जास्त राहतं. ते कोणाला मिळावं हे आईवडिलांच्या जनुकांच्या सोडतीत ठरतं. ती सोडत तुमची शेती किती एकर, हे विचारत नाही. म्हणजे प्रयोग निसर्गानंच करून ठेवला आहे. २०१४ साली पुणे आणि म्हैसूरच्या मातांची माहिती घेऊन ही तपासणी प्रसिद्ध झाली. ते जनुक असलेल्या मातांच्या बाळांचंही वजन कमी भरलं. त्यामुळे होमोसिस्टीन हे साधं सोबती नसून कारण असावं, या बाजूला वजन पडलं.

यातही उलटतपासणी आहेच. आईची निम्मी जनुकं बाळाकडे जातात, तेव्हा परिणाम आईच्या जनुकाचा की बाळाच्या? एक जनुक दोन-तीन कामं करत असेल तर? पण पाहा, जनुकाच्या वाटेनं आपण पोचलो कुठे? आईच्या ताटापाशी. जनुक बदलता येत नाही, बी-१२ देता येतं.

'ऐंशी टक्के आनुवंशिक' याचा अर्थ

आता पुन्हा आपल्या विहिरीकडे येऊ, कारण आजचा खरा मुद्दा इथे आहे. 'अमुक आजार ऐंशी टक्के आनुवंशिक आहे' असं वाक्य आपण ऐकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आजाराचे ऐंशी टक्के रक्तातून आले, वीस टक्के परिस्थितीतून. तसा त्याचा अर्थ नाही. ही टक्केवारी माणसामाणसांतल्या फरकाची आहे. या लोकसमूहात कोणी आजारी आणि कोणी नाही, या फरकाचा किती भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच ती सांगते.

मग एक गाव कल्पा. सगळे एकाच खाऱ्या विहिरीचं पाणी पितात, सारखंच पितात. काही आजारी पडतात, काही नाही. पाणी सगळ्यांचं सारखं, म्हणजे माणसामाणसांतला फरक पाण्यानं समजावता येणार नाही. उरली जनुकं. संख्याशास्त्रज्ञ प्रामाणिकपणे हिशेब करेल आणि म्हणेल, आजार जवळजवळ शंभर टक्के आनुवंशिक! आणि उद्या त्याच गावाला गोडं पाणी आलं, तर आजार नाहीसा होईल.

दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. ज्याचं जनुक नाजूक तो आधी पडला, हे खरं. त्याला पाडलं पाण्यानं, हेही खरं. धूर अग्नीचा की ओल्या सरपणाचा, असं भांडण आपण घालतो का? दोन्ही असल्याशिवाय धूर नाही. म्हणून 'हे त्यांच्या रक्तात आहे' असं आकड्यानं सिद्ध झालं, तरी पाणी निर्दोष सुटत नाही. उलट ज्यांचं रक्त नाजूक, त्यांच्यासाठी पाण्याची जबाबदारी वाढते. हे एक वाक्य आजच्या व्याख्यानातून घरी न्या. आनुवंशिक म्हणजे अटळ नव्हे.

व्याख्यानानंतर आलेले दोन प्रश्न इथे देतो.

प्रश्न: मग पत्रिकेऐवजी सिकलसेलचं कार्ड जुळवावं का?

जुळवायला हरकत नाही, पण नीट वाचून. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी चांगलीच आहे. पण गावात होणारी पहिली विद्राव्यता चाचणी फक्त 'सिकल आहे' एवढं सांगते. वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी करावीच लागते. आणि वाहकाचं लग्न निर्दोष जोडीदाराशी झालं, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही, फार तर वाहक होईल. मात्र जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक नाही ना, हेही पुढच्या तपासणीत पाहून घ्यावं. दोघंही वाहक असतील, तर गरोदरपणात लवकर गर्भाची तपासणी करता येते. तेव्हा 'एएस' लिहिलेल्या कार्डामुळे मुलगी नाकारणं हे अज्ञान आहे. कार्ड निर्णयासाठी आहे, बहिष्कारासाठी नाही.

प्रश्न: थुंकीच्या चाचणीवरून पुढे मधुमेह होईल की नाही, हे सांगतात. करून घ्यावी का?

मधुमेहात शेकडो जनुकांचा थोडा-थोडा हात असतो. त्यांची बेरीज करून गुण काढतात. हे गुण ज्या अभ्यासांवरून बसवले, त्यांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे होते, म्हणून ते आपल्याला तितके नीट लागू पडत नाहीत. दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचाची 'जीनोम इंडिया'ची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, त्यानं हळूहळू फरक पडेल. तरी एक गोष्ट राहतेच. आकडा समूहाचा असतो. 'शंभरात तीस जणांना होईल' हे तो सांगतो. त्या तिसांत तुम्ही आहात का, हे सांगत नाही. त्यापेक्षा उपाशीपोटी साखर तपासा, पोटाचा घेर मोजा, वडिलांना होता का ते विचारा. हे स्वस्त आहे, आणि त्यावर आजच काही करता येतं.

असो. बोलण्यात वेळ बराच गेला. तुमच्या गावातल्या लेकी-सुनांची अशी यादी कोणी शिक्षक किंवा आशाताई करत असतील, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी बसून पाहू की ती यादी काय म्हणते आणि काय म्हणत नाही.